जुवारीकाठच्या धक्क्याचे मेश-हस्तांतर : एक प्रकरण अभ्यास

गोव्यातील खनिज उत्खनन २०१२ साली थांबले, मध्यंतरी काही काळ सुरू झाले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८च्या निकालानंतर पुन्हा ठप्प झाले. त्यामुळे मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्यांच्या काठांवरील, बार्जमध्ये खनिज भरण्यासाठी बांधलेल्या धक्क्यांना काम उरले नाही. जुवारीकाठच्या अशाच एका खासगी धक्क्यावर लहान जहाजांच्या दुरुस्तीसाठी फिरती क्रेन उभी करता येईल का, असा प्रश्न मालकाने फोंड्यातील एका लहान अभियांत्रिकी कार्यालयापुढे ठेवला. कार्यालयाने संगणकीय विश्लेषण करून मसुदा अहवाल तयार केला आणि तो तपासणीसाठी माझ्याकडे पाठवला. अहवालातील दोन्ही मुख्य निष्कर्ष उलटे होते आणि त्याचे मूळ मेश, म्हणजे गणनासाठी रचनेचे लहान तुकड्यांत (एलिमेंट) आणि त्यांना जोडणाऱ्या बिंदूंत (नोड) केलेले विभाजन, एका संगणक-प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेताना झालेल्या बदलांत होते. त्या बदलांचा माग येथे नोंदवला आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून ठिकाण मोघम ठेवले असून मापे गोल केली आहेत.

धक्क्याचा डेक ३० मीटर लांब आणि १० मीटर रुंद आहे. काँक्रीटचा ३०० मिलिमीटर जाडीचा स्लॅब, त्याखाली दर अडीच मीटरवर एक याप्रमाणे पाच लांबोळके बीम, प्रत्येक ५०० मिलिमीटर रुंद व ९०० मिलिमीटर खोल, आणि त्यांना आधार देणाऱ्या, दर सहा मीटरवरच्या पाइलच्या (जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांच्या) रांगा, अशी ही साधी रचना आहे. खाली खाडीतला मऊ, काळा चिखल असून त्याच्याही खाली जांभ्यापासून बनलेली घट्ट माती लागते. मागच्या बाजूला जांभ्याच्या चिऱ्यांची जुनी भिंत आहे.

या धक्क्याची मेश तीन हातांतून आली. डेक आणि पाइल यांचे प्रतिरूप पुण्यातील एका सल्लागार संस्थेने व्यावसायिक प्रणालीत केले होते आणि ते नॅस्ट्रान या विश्लेषण-प्रणालीच्या बल्क डेटा स्वरूपात, मिलिमीटर-टन-न्यूटन या एककांत पाठवले. नदीतळ आणि काठ यांचे मोजमाप सर्वेक्षकाने उपग्रह-स्थाननिश्चिती आणि प्रतिध्वनी-खोलीमापक वापरून केले व त्यातून बनवलेला त्रिकोणी पृष्ठभाग बायनरी एसटीएल फाइलमध्ये दिला. कार्यालयातील अभियंत्याने हा पृष्ठभाग जीमेश या मेश बनवणाऱ्या प्रणालीत घेऊन त्याखालची माती दहा नोडच्या चतुष्फलकांनी भरली, मेश तिच्या एमएसएच या स्वरूपाच्या २.२ आवृत्तीत साठवली आणि पायथनमध्ये स्वतः लिहिलेल्या रूपांतरकाने मातीची मेश व पुण्याची नॅस्ट्रान फाइल एकत्र करून कॅल्क्युलिक्स या विश्लेषण-प्रणालीसाठी एकच इनपुट फाइल बनवली. कॅल्क्युलिक्स मुक्त आहे आणि त्याची इनपुट फाइल अबॅकस या व्यावसायिक प्रणालीच्या धर्तीवर लिहिली जाते. लहान कार्यालयाला व्यावसायिक परवान्याचा वार्षिक खर्च झेपत नाही, त्यामुळे ही निवड समजण्यासारखी होती आणि तिच्यात काही वावगेही नव्हते.

पहिल्याच वेळी गणन थांबले. मातीच्या एलिमेंट्समध्ये जेकोबियनचा निश्चयक (एलिमेंट उलटे किंवा पिळलेले असेल तेथे ऋण होणारी संख्या) धन नाही, अशा संदेशांची रांग लागली. अभियंत्याने मेश अधिक बारीक केली, तरी संदेश गेले नाहीत. मग त्याने प्रत्येक चतुष्फलकाचे फक्त पहिले चार नोड ठेवून एलिमेंटचा प्रकार सी३डी१०ऐवजी सी३डी४ केला. संदेश लगेच नाहीसे झाले, गणन पूर्ण झाले आणि क्रेनखालचे उभे विस्थापन हाताने काढलेल्या ढोबळ अंदाजाशी जुळले. डेकचे एकूण वजनही आराखड्यावरून काढलेल्या वजनाशी जुळले : स्लॅबचे ९० घनमीटर आणि बीमचे ६७.५ घनमीटर मिळून १५७.५ घनमीटर काँक्रीट, म्हणजे घनमीटरला २५०० किलोग्रॅम धरून सुमारे ३९४ टन. या दोन जुळण्यांच्या भरवशावर मसुदा लिहिला गेला. बीम अपुरे असल्याने त्यांना बाहेरून काँक्रीटचे वेष्टन द्यावे आणि पाइल मात्र निर्धोक आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता.

मला पहिली शंका आली ती त्या नाहीशा झालेल्या संदेशांमुळे. मेशचा आकार बिघडल्याने येणारे ऋण जेकोबियन साधारणपणे अडचणीच्या जागी येतात : चिंचोळ्या कोपऱ्यात, भिंतीच्या पायथ्याशी किंवा दोन थर मिळतात तेथे. येथे जुनी नोंद उघडून पाहिली तेव्हा मातीचे एकूण एक चतुष्फलक त्या यादीत होते. मोकळ्या चिखलाच्या मध्यावरचे जवळजवळ समभुज चतुष्फलकसुद्धा सुटले नव्हते. सगळेच एलिमेंट सारखेच नापास होतात तेव्हा आकाराला दोष देण्यात अर्थ नसतो आणि नोडच्या क्रमाकडे पाहावे लागते.

दहा नोडच्या चतुष्फलकात चार नोड कोपऱ्यांवर आणि सहा कडांच्या मध्यावर असतात. पहिल्या आठ नोडांच्या बाबतीत जीमेश आणि कॅल्क्युलिक्स यांच्यात मतभेद नाही. जीमेश मात्र नववा नोड तिसऱ्या-चौथ्या कोपऱ्यांमधील कडेवर आणि दहावा दुसऱ्या-चौथ्यामधील कडेवर ठेवते, तर अबॅकस, कॅल्क्युलिक्स आणि नॅस्ट्रान यांच्यात नेमके उलटे आहे. दोन्ही बाजूंच्या दस्तऐवजांत हा क्रम आकृतीसह दिलेला असतो. मेशिओसारखे मुक्त ग्रंथालय वापरले असते तर ही अदलाबदल आपोआप झाली असती. कार्यालयाच्या रूपांतरकाने मात्र दहाही आकडे आले तसे पुढे ढकलले होते.

या अदलाबदलीचा परिणाम कागदावर काढता येतो आणि तो पाहण्याजोगा आहे. एखादा बिंदू चौथ्या कोपऱ्याच्या किती जवळ आहे हे सांगणारा सहनिर्देशक क मानू. समोरच्या पृष्ठावर तो शून्य आणि कोपऱ्यावर एक असतो. सरळ कडांच्या चतुष्फलकात शेवटच्या दोन मध्यनोडांची अदलाबदल झाली की जेकोबियनचा निश्चयक मूळ किमतीच्या (१ − ४क) पट होतो. एलिमेंट कोणत्याही आकाराचे असो, हा गुणक तोच राहतो. कॅल्क्युलिक्स अशा एलिमेंटसाठी चार इंटिग्रेशन पॉइंट (एलिमेंटच्या आतील, जेथे किमती काढून बेरीज केली जाते ते बिंदू) वापरते. त्यांपैकी तीन ठिकाणी क ०.१३८ आणि एका ठिकाणी ०.५८५ असतो, म्हणजे गुणक तीन ठिकाणी ०.४४७ आणि चौथ्या ठिकाणी उणे १.३४२ येतो. प्रत्येक एलिमेंटमध्ये नेमका एक पॉइंट ऋण का होता, ते यावरून उलगडते. चारही गुणकांची बेरीज शून्य भरते, म्हणजे प्रत्येक एलिमेंटचे गणिती घनफळच शून्य होते. मेश कितीही बारीक केली तरी संदेश का हटले नाहीत, याचेही उत्तर येथेच मिळते.

दुरुस्ती रूपांतरकातील एका ओळीची होती. परंतु ती न करता चार नोडवर उतरल्याने काय झाले, ते अधिक गंभीर होते. चार नोडच्या चतुष्फलकात विकृती (भाराखाली होणाऱ्या आकारबदलाचे प्रमाण) संपूर्ण एलिमेंटभर एकसारखी असते, त्यामुळे ते वाकण्याच्या बाबतीत अतिताठर असते. निचरा न होणाऱ्या मऊ चिखलासाठी पॉयसन गुणोत्तर (आडव्या आणि उभ्या विकृतीचे गुणोत्तर) ०.४९च्या आसपास घ्यावे लागते आणि आकारमान जवळजवळ न बदलणाऱ्या अशा पदार्थात हे एलिमेंट अक्षरशः आखडते. परिणामी प्रतिरूपातला चिखल खऱ्या चिखलापेक्षा बराच घट्ट झाला. घट्ट मातीत पाइल वरच्या वरच जखडला जातो. जहाज धक्क्याला बांधून ठेवताना आडवा ओढ बसला की पाइलचे वाकणे आणि त्यातील वाकपरिबल (वाकवणारा जोर) दोन्ही प्रत्यक्षाहून कमी दिसतात. पाइल निर्धोक असल्याचा निष्कर्ष त्यातून आला होता.

नोडचा क्रम सुधारून दहा नोडचे एलिमेंट परत आणले, तेव्हा सगळ्या एलिमेंट्सच्या घनफळाची बेरीज, बंदिस्त पृष्ठभागावरून स्वतंत्रपणे काढलेल्या घनफळाशी जुळली. तरीही जांभ्याच्या भिंतीलगत थोडे एलिमेंट नापास होत राहिले. या वेळी ते विशिष्ट जागी होते, म्हणजे दोष आकाराचा होता. भिंतीचा दर्शनी पृष्ठभाग, जो प्रत्यक्षात किंचित तिरका आणि सपाट आहे, तो मेशमध्ये करवतीच्या दात्यांसारखा दिसत होता.

कारण सर्वेक्षणाच्या सहनिर्देशकांत सापडले. सर्वेक्षकाने प्रथेप्रमाणे यूटीएम या जागतिक नकाशा-पद्धतीच्या ४३ क्रमांकाच्या पट्ट्यातील, मीटरमधले सहनिर्देशक दिले होते. या पट्ट्यात जुवारीच्या परिसराचे ईस्टिंग (पूर्वेकडचे अंतर) चार लाखांच्या आत आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचे अंतर) सुमारे १७ लाख मीटर येते. बायनरी एसटीएलमध्ये प्रत्येक सहनिर्देशक चार बाइटच्या फ्लोटिंग-पॉइंट संख्येत, म्हणजे २४ द्विमान अंकांच्या अचूकतेत साठवला जातो. मूळ १९८७च्या सुमारास त्रिमितीय छपाईसाठी निघालेल्या या स्वरूपाकडून, मेजावर मावणाऱ्या वस्तूपुरती, एवढीच अपेक्षा होती. सतरा लाखांच्या आसपास अशा दोन लगतच्या संख्यांत ०.१२५ मीटर अंतर असते, तर चार लाखांच्या आत ते ०.०३१२५ मीटर असते. फाइलमधील नॉर्दिंगचे आकडे पाहिले, तर प्रत्येक आकडा ०.१२५च्या पटीतच होता. उत्तर-दक्षिण दिशेला साडेबारा सेंटिमीटरच्या आणि पूर्व-पश्चिम दिशेला तीन सेंटिमीटरच्या पायऱ्या पडल्या होत्या. भिंतीचा माथा आणि पायथा यांतील आडवे अंतर एका पायरीहूनही कमी असल्याने काही ठिकाणी दोन्ही बिंदू एका रेषेत आले, तर काही ठिकाणी पुरी पायरी पडली.

ताणांच्या दृष्टीने हा दोष किरकोळ होता, हे सांगितले पाहिजे. नदीतळाच्या उतारावर त्याने पडणारा उंचीचा फरक काही सेंटिमीटरचा होता आणि चिखलाच्या गुणधर्मांतील अनिश्चितता त्याहून कितीतरी मोठी असते. त्याने वेळ मात्र खाल्ला. शिवाय पाइलचे नोड मातीच्या जवळच्या नोडशी जोडणारा रूपांतरकाचा भाग एक सेंटिमीटरच्या मर्यादेत शेजारी शोधत असे आणि भिंतीलगतच्या रांगेतील वरच्या काही नोडांना शेजारीच मिळाला नव्हता. त्याबद्दल रूपांतरकाने ना इशारा दिला, ना काम थांबवले. उपाय सोपा आहे. धक्क्याच्या एका कोपऱ्यावर स्थानिक उगमबिंदू धरून प्रत्येक सहनिर्देशकातून त्याची किंमत एसटीएल लिहिण्यापूर्वी वजा करावी. तसे केल्यावर आकडे काहीशे मीटरच्या आत येतात आणि तेथे त्याच चार बाइटांत ०.०३ मिलिमीटरपर्यंतची अचूकता मिळते. एसटीएल लिहून झाल्यावर वजाबाकी करून मात्र काहीच परत येत नाही.

अशीच अडचण नॅस्ट्रानच्या फाइलमध्येही येऊ शकली असती. नासासाठी १९६०च्या दशकात तयार झालेल्या नॅस्ट्रानची फाइल आजही ८० स्तंभांच्या छिद्रपत्राची आठवण जपते : एका ओळीत आठ-आठ अक्षरांचे दहा रकाने. १६९८४५२.३७ हे नॉर्दिंग अशा रकान्यात घातले तर सात अंक आणि दशांशचिन्ह एवढेच मावते, म्हणजे अचूकता थेट एका मीटरवर येते. सोळा अक्षरांच्या रुंद रकान्यांची सोय त्यासाठीच आहे. पुण्याच्या संस्थेने स्थानिक उगमबिंदू वापरला असल्याने येथे ही वेळ आली नाही. त्याच फाइलमध्ये ‘१.५-३’ असे, घातचिन्हाचे अक्षर गाळून लिहिलेले आकडे होते. नॅस्ट्रानला ते चालतात, पायथनला नाही. तेथे रूपांतरक जागीच थांबला आणि दोष पाच मिनिटांत निघाला. जो दोष असा ओरडून सांगतो तो स्वस्तात सुटतो, असे मला या कामात नेहमी वाटत आले आहे.

सर्वांत महाग पडलेला दोष मात्र पूर्ण मुका होता. डेकच्या प्रतिरूपात बीम आणि स्लॅब यांचे नोड सामायिक होते आणि ते बीमच्या अक्षावर होते. स्लॅबचे मध्यपृष्ठ बीमच्या अक्षापासून ६०० मिलिमीटर वर असल्याने, पुण्याच्या संस्थेने स्लॅबच्या प्रत्येक सीक्वाड४ (चार नोडच्या शेल, म्हणजे पातळ पृष्ठासारख्या) एलिमेंटच्या झेडऑफएस, म्हणजे ऑफसेट किंवा सरकवण्याच्या अंतराच्या, रकान्यात ६०० हा आकडा योग्य रीतीने दिला होता. नॅस्ट्रानमध्ये हा आकडा लांबी असतो आणि तो धन असला तर शेलचे मध्यपृष्ठ नोडांपासून लंबाच्या दिशेने सरकते. अबॅकस आणि कॅल्क्युलिक्समध्ये ऑफसेट दिला जातो तो जाडीच्या पटीत. शिवाय नोडांचे पृष्ठ मध्यपृष्ठाच्या कोणत्या बाजूला आहे, हे तो सांगतो, म्हणून चिन्हही उलटते. येथे योग्य किंमत उणे २ होती : ६०० भागिले ३००, विरुद्ध चिन्हासह. रूपांतरकाने मिलिमीटरचे मीटर करून ०.६ लिहिले. कॅल्क्युलिक्सने त्याचा अर्थ जाडीच्या ०.६ पट असा घेतला आणि स्लॅब बीमच्या अक्षाखाली १८० मिलिमीटरवर, बीमच्या पोटात जाऊन बसला.

एककांचे रूपांतर अन्यथा निर्दोष होते. जाडी, घनता, स्थितिस्थापकता गुणांक, सारे काही मीटर-किलोग्रॅममध्ये बिनचूक आले होते आणि टन प्रति घनमिलिमीटरचे किलोग्रॅम प्रति घनमीटर करताना लागणारा दहाचा बारावा घातही चुकला नव्हता. वजन म्हणूनच जुळले. स्लॅब वर असो की बीमच्या पोटात, काँक्रीट तेवढेच राहते. अनेक कार्यालयांत वजनाची जुळणी हीच हस्तांतराची एकमेव कसोटी मानली जाते. ती आवश्यक आहे. पण स्लॅब कोठे आहे, हे तिला दिसत नाही.

ताठरतेवर मात्र मोठा परिणाम झाला. एक बीम आणि त्याच्यावरचा अडीच मीटर रुंदीचा स्लॅब एकत्र घेतले, तर दोघांची स्वतःची जडत्व परिबले (छेदाच्या आकारामुळे वाकण्याला होणाऱ्या विरोधाची मापे) ०.०३०४ आणि ०.००५६ मीटरचा चौथा घात एवढी आहेत, आणि त्यांच्या अक्षांतील अंतरामुळे मिळणारी भर ०.१०१३ आहे, म्हणजे बहुतेक ताठरता या अंतरातूनच येते. ही भर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. अंतर ६०० ऐवजी १८० मिलिमीटर झाले की ती नऊ टक्क्यांवर येते आणि एकूण जडत्व परिबल ०.१३७वरून ०.०४५वर घसरते. डेक प्रत्यक्षापेक्षा तिप्पट लवचीक झाला आणि स्लॅबने उचलायचा वाटा बीमच्या माथी आला. बीम अपुरे ठरले ते यामुळे.

क्रेनखालचे विस्थापन अंदाजाशी कसे जुळले, तेही आता उघड झाले. त्यात डेकचा वाक आणि पाइलचे खचणे असे दोन वाटे होते, दोन्ही मिलिमीटरच्या घरातले. पहिला फुगला होता, दुसरा आक्रसला होता आणि बेरीज नेमकी विश्वासार्ह दिसत होती. विस्थापनाचे हे दोन वाटे अहवालात वेगळे दाखवले असते, तर कोणाही अनुभवी वाचकाला डेकचा आकडा खटकला असता.

ऑफसेटचा दोष प्रत्यक्षात सापडला तो चित्रावरून. कॅल्क्युलिक्स शेल आणि बीम एलिमेंट्सना आतल्या आत घन एलिमेंट्समध्ये फुलवते आणि निकाल त्या फुललेल्या रूपात पाहता येतात. डेकचा छेद घेऊन ते रूप पाहिले असता स्लॅब बीमच्या आत दिसला. कार्यालयात निकाल सपाट रूपातच पाहिले जात होते, जेथे शेल ही केवळ एक पातळ पत्र्यासारखी रेघ असते. माझे मत असे की शेल असलेल्या कोणत्याही हस्तांतरानंतर रंगीत ताणचित्रांच्या आधी हा छेद पाहावा. त्याला फार वेळ लागत नाही. त्यानंतर एकाच बीमची सहा मीटरची, दोन्ही टोकांना साधा आधार असलेली पट्टी त्याच रूपांतरकातून नेऊन तिचा मध्यावरील वाक हाताने काढलेल्या वाकाशी ताडून पाहिला, तेव्हा चिन्हासह दुरुस्ती बरोबर असल्याची खात्री झाली.

गटांची नावे हरवण्याचाही एक प्रकार झाला होता. पुण्याच्या प्रणालीने ‘कडेचे बीम’, ‘मधले बीम’ अशी नावे डॉलरचिन्हाने सुरू होणाऱ्या टिप्पणीच्या ओळींत लिहिली होती आणि रूपांतरकाने टिप्पण्या वाचल्याच नव्हत्या. गुणधर्म-क्रमांकांवरून गट पुन्हा लावता आले, त्यामुळे नुकसान झाले नाही.

तीनही दुरुस्त्यांनंतर चित्र पालटले. बीमना वेष्टनाची गरज उरली नाही आणि ती शिफारस काढून टाकण्यात आली. नदीकडच्या रांगेतील पाइलमध्ये मात्र आडव्या ओढीखाली येणारे वाकपरिबल मसुद्यात दाखवल्याहून बरेच मोठे निघाले आणि ते अधिक खोलवर येत होते. अंतिम अहवालात त्या रांगेतील पाइलची सलगता-चाचणी करावी, त्या बाजूला आणखी एक बोअर घ्यावे आणि तोवर क्रेन जमिनीकडच्या अर्ध्या डेकवरच उभी करावी, असे सुचवले आहे.

कार्यालयाने आता हस्तांतराची रीत बदलली आहे. मोठी मेश मागवण्यापूर्वी प्रत्येक प्रकारच्या एलिमेंटचा एकेक नमुना असलेली छोटी फाइल आधी संपूर्ण साखळीतून फिरवली जाते आणि प्रत्येक नमुन्याचे घनफळ व ताठरता ताडून पाहिली जाते. त्यात वीस नोडच्या षट्फलकाचा नमुनाही मुद्दाम ठेवला आहे, कारण नॅस्ट्रान उभ्या कडांचे मध्यनोड वरच्या पृष्ठाच्या मध्यनोडांआधी मोजते आणि अबॅकस नंतर मोजते. शेजारी न मिळालेला पाइलचा नोड आता रूपांतरकाला थांबवतो.

सर्वेक्षकाने स्थानिक उगमबिंदू मान्य केला, पण मूळ यूटीएम सहनिर्देशकांची मजकूर-फाइलही सोबत राहावी, असा आग्रह धरला. तो रास्त आहे, कारण पुढे गाळ काढताना किंवा जलमार्गाच्या नकाशाशी मेळ घालताना तेच आकडे लागणार आहेत. उगमबिंदूची किंमत एसटीएलच्या सुरुवातीच्या ८० बाइटच्या शीर्षकात लिहावी, अशीही एक सूचना होती. परंतु बहुतेक प्रणाली ते शीर्षक वाचत नाहीत आणि फाइल पुन्हा साठवताना त्यावर स्वतःचा मजकूर लिहितात, म्हणून उगमबिंदू, एकके आणि ऑफसेटच्या चिन्हाचा अर्थ ही माहिती मेशसोबत वेगळ्या कागदावर, पाठवणाऱ्याच्या सहीनिशी घेण्याचे ठरले.